असईचा विजेता आणि आपला कुंचला

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चित्रकाराला व्यासपीठावर उभे करणे म्हणजे गवयाला जमाखर्च लिहायला बसवण्यासारखे आहे. तरीही संयोजकांचा आग्रह मोडवला नाही. ‘तैलरंगातील व्यक्तिचित्र कसे शिकावे’ असा विषय त्यांनी सुचवला होता. तो फार ऐसपैस वाटल्यामुळे मी अरुंद करून घेतला आहे. आज आपण एकाच चित्राविषयी आणि शिकण्याच्या एकाच रीतीविषयी बोलू. चित्र आहे स्पेनच्या फ्रान्सिस्को गोया या चित्रकाराने माद्रिद शहरी १८१२ साली रंगवायला घेतलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, आणि रीत आहे त्याची प्रत करण्याची.

वेलिंग्टन हे नाव परके वाटले तरी माणूस आपल्याला परका नाही. हाच तो आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांसमोर तो उभा होता. त्यानंतर आडगाव, त्यानंतर गाविलगड, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. चार महिन्यांच्या आत शिंद्यांच्या दक्षिणेतील सत्तेचा कणा मोडला. उत्तरेत त्याच वेळी लेकने दिल्ली घेतली होती. पुढे १८१० मध्ये दौलतरावांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या तळाचेच हे लष्कर झाले. आपण आज ज्या वस्तीत बसलो आहोत, ती मुळात एक छावणी आहे आणि त्या छावणीच्या जन्माआधी असई आहे. तेव्हा ‘कित्ता म्हणून हाच माणूस का?’ हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर पुढे देईन. आधी प्रत करण्याविषयी बोलतो.

मराठीत ‘नक्कल’ हा शब्द जरा बदनाम आहे. नकला करणारा तो नकल्या, आणि परीक्षेत नक्कल करणारा तो त्याहून वाईट. परंतु आपल्याच भाषेत ‘कित्ता गिरवणे’ असाही प्रयोग आहे आणि त्यात कमीपणा नाही. धूळपाटीवर किंवा दगडी पाटीवर गुरुजींनी काढलेल्या अक्षरावरून बोट फिरवीतच आपल्या आजोबा-पणजोबांचे हात वळले. छापखाने नव्हते तोवर प्रत्येक पोथी ही प्रतच होती. ग्वाल्हेर घराण्याच्या या गावात तर अधिक सांगायलाच नको. गुरूने घेतलेली तान शिष्याने जशीच्या तशी घेतली तर तिला कोणी चोरी म्हणत नाही. तिला तालीम म्हणतात. चित्रकलेत मात्र ‘स्वतंत्र प्रतिभा’ या कल्पनेचा दरारा एवढा वाढला की प्रत करणारा विद्यार्थी खाली मान घालून बसू लागला.

प्रत करण्यावर आक्षेप घेणारे काही लहान लोक नव्हते. लंडनच्या रॉयल अकॅडमीचे पहिले अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६९ मधील आपल्या दुसऱ्या व्याख्यानातच विद्यार्थ्यांना बजावले होते की, सरसकट प्रत करीत बसणे हे फसवे कष्ट आहेत. हात चालतो, डोके झोपते आणि काम केल्याचे समाधान मात्र मिळते. हा इशारा मला पूर्ण मान्य आहे. पण रेनॉल्ड्स यांचाही रोख विचार न करता केलेल्या प्रतीवर होता. चित्रातला निवडक भाग घेऊन त्याचा अभ्यास करण्यास त्यांची ना नव्हती. उलट बाजूला रुबेन्सचे उदाहरण पाहा. १६२८-२९ मध्ये तो माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी उलटलेला, युरोपभर कीर्ती पावलेला चित्रकार होता. तिथे राजसंग्रहातील तिशियनची चित्रे पाहून त्याने पुन्हा विद्यार्थ्यासारख्या त्यांच्या प्रती केल्या. त्या प्रती आज पाहिल्या तर आकृती तिशियनच्या आहेत, पण कातडीखालचे रक्त रुबेन्सचे आहे. मन लावून प्रत केली की मूळ चित्रकार आणि आपण यांच्यातला फरक असा आपोआप उमटतो. तो मुद्दाम आणावा लागत नाही.

आता सेनानीचेच चित्र का? नवशिक्याला लष्करी व्यक्तिचित्राची भूल फार लवकर पडते. सोनेरी भरतकाम, पदके, फिती, तलवारीची मूठ! हे सगळे काढता आले की चित्र झाले असे वाटते आणि चेहरा कोटावर चिकटवल्यासारखा राहतो. ही भूल वेळीच उतरावी म्हणूनच मी हा प्रकार निवडतो. परंतु त्यासाठी कित्ता असा हवा, की ज्यात चित्रकार स्वतः त्या भुलीला बळी पडलेला नाही.

वेलिंग्टनची चित्रे अनेकांनी केली. असईनंतर वर्षभरात, १८०४ साली, रॉबर्ट होम या चित्रकाराने तो हिंदुस्थानात असतानाच त्याला रंगवले. वॉटर्लूनंतर सर थॉमस लॉरेन्सने रंगवलेले चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. हाताची घडी, ताठ मान, लाल कोट. १९७१ पासून वीस वर्षे ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर जो वेलिंग्टन होता तो लॉरेन्सच्या चित्रावरून घेतलेला. लॉरेन्सचा हात असामान्य सफाईचा आहे. पण ती सफाई विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. हाती लागतो तो फक्त गुळगुळीतपणा.

कोणी म्हणेल, मग आपल्या महादजींचेच चित्र का घेऊ नये? जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला, पुढे पुण्यास गेला आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची तैलचित्रे रंगवली. चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा भरली आणि गंगाराम तांबट हा आपला गुणी चित्रकार याच मंडळींच्या सहवासात तयार झाला. मराठी मुलुखात तैलरंगाचा प्रवेश समजून घ्यायचा तर वेल्सला पर्याय नाही. तो प्रामाणिक आहे, नेटका आहे. पण माझे मत विचाराल तर वेल्सकडून इतिहास शिकावा, रंग लावणे गोयाकडून शिकावे.

गोयाचे हे चित्र लहानसे आहे. महोगनीच्या फळीवर रंगवलेले, उंची सुमारे ६४ सेंटिमीटर आणि रुंदी ५२. २२ जुलै १८१२ रोजी सालामांकाची लढाई जिंकून वेलिंग्टन १२ ऑगस्टला माद्रिदमध्ये शिरला. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. समोर बसलेला चित्रकार ६६ वर्षांचा, वीस वर्षांपूर्वीच्या आजारात ठार बहिरा झालेला. याच चित्रकाराने दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेसाठी काढलेल्या चित्रात फ्रेंचांनी गादीवर बसवलेल्या जोसेफ बोनापार्टची मुद्रा रंगवली होती. आता त्याच शहरात जोसेफला हुसकावणारा समोर बसला होता. राज्ये येताना-जाताना पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याला विजयाचे फारसे अप्रूप उरले नसावे, असे चित्र पाहताना मला नेहमी वाटते. कारण त्याने विजेता रंगवलेलाच नाही. त्याने मोहिमेवरून आलेला एक दमलेला माणूस रंगवला आहे. मोठे, किंचित ताणलेले डोळे; कमानदार भुवया; लांब नाक; आणि ओठ थोडे विलग झालेले, त्यांतून वरचे दात दिसतात. सेनानीच्या चित्रात दात! दरबारी चित्रकाराने ते हमखास मिटवले असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आपल्याला छापील प्रतीवरच भागवावे लागते. छपाई रंगांच्या बाबतीत बेइमान असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन वेगवेगळ्या पुस्तकांतील छापे शेजारी ठेवायला लावतो. एकात चेहरा पिवळट, दुसऱ्यात गुलाबी. दोन्हींवर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. उजेड कुठे सर्वांत जास्त, त्याहून कमी कुठे, काळोख कुठे, हा क्रम मात्र दोन्हींत सारखाच सापडतो. तो क्रम हीच आपली पुंजी.

कॅनव्हास पांढरा ठेवू नये. गोयाच्या पुष्कळ चित्रांत लालसर मातकट अस्तर असते आणि ते सावल्यांतून श्वास घेत राहते. गेरूच्या जवळचा एक पातळ हात आधी देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. त्यावर रेखाटन पेन्सिलीने न करता रॉ अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून कुंचल्यानेच करावे आणि चुकले की चिंधीने पुसावे. डोळे अर्धवट मिटून पाहिले की भुवया, पापण्या, नाकपुड्या वेगवेगळ्या दिसत नाहीत. एक मोठा उजळ आकार आणि त्याला बिलगलेले दोन-तीन काळोखे आकार उरतात. सादृश्य या मोठ्या आकारांत असते, पापण्यांच्या केसांत नसते. मधूनमधून छापा आणि कॅनव्हास दोन्ही उलटे करून पाहावेत. उलट्या चेहऱ्याला आपण ओळखत नाही, म्हणून तो खरा दिसतो.

येथे तैलरंगाचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे, कारण जलरंगावर हात बसलेल्या आपल्या मुलांना तो माहीत नसतो. जलरंग वाळतो तो पाणी उडून गेल्यामुळे. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा असावा लागतो. उलटे केले तर वरचा थर आधी वाळून कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा जातात. प्रत्येक रंगाची वाळण्याची चालही निराळी. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो; आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. आपल्याकडे मे महिन्यात रंग भराभर ओढला जातो आणि श्रावणात आठवडाभर चिकट राहतो. इंग्रजी पुस्तकांत दिलेले दिवस येथे लागू करू नयेत. बोटाच्या टोकाने चाचपून पाहावे.

चेहऱ्यासाठी रंग किती? चार पुरतात: पांढरा, यलो ऑकर, हिंगुळासारखा एक लाल आणि काळा. विद्यार्थी निळा मागतात. मी देत नाही. काळ्यात पांढरा मिसळून जी राखाडी छटा होते, ती तांबूस कातडीशेजारी ठेवली की निळसर भासते. दाढी केलेल्या हनुवटीवरची निळी झाक अशी निळ्या रंगाशिवाय येते. सावली पातळ लावावी, अस्तर दिसू द्यावे. उजेड जाड लावावा. कपाळ आणि नाकाचा शेंडा येथे रंगाला अंग हवे. हे सर्व ऐकून समजते, पण पटते ते स्वतः लावून पाहिल्यावरच. सावली जाड झाली की ती चिखलासारखी पुढे येते आणि चेहऱ्याची गोलाई मावळते.

डोळ्यांविषयी एकच सांगतो. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. तो राखाडी ठेवला, की मग शेवटच्या दिवशी लावलेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका सगळ्या चेहऱ्यात जीव आणतो. तो ठिपका पहिल्याच दिवशी लावण्याचा मोह सर्वांना होतो.

आणि आता पदके. छातीवर तीन तारे आहेत, गळ्याशी गोल्डन फ्लीस आहे, गुलाबी आणि निळी फीत आडवी गेली आहे. यांतली सगळी मानचिन्हे १८१२ मध्ये नव्हती. चित्र पुढे १८१४ मध्ये पुन्हा गोयाकडे आले तेव्हा मधल्या काळात मिळालेले सन्मान त्याने त्यात बसवले. सत्कारमूर्तीचे हार वाढतात तशी चित्रातली पदके वाढली. चेहरा मात्र १८१२ चाच राहिला. विद्यार्थ्याने त्या ताऱ्यांकडे भिंग घेऊन पाहावे. तारा नाहीच तेथे! ऑकरचे चार फटकारे, थोडा काळा, दोन जाड पांढरे ठिपके. सहा हात मागे सरकले की तेच धातू होते. ज्या विद्यार्थ्याने दोन आठवडे झुंजून ओठांच्या कडा साधल्या, त्याला हे तारे एका दुपारी येतात आणि तो चकित होतो. जिथे आपण सर्वाधिक वेळ घालवणार होतो, तिथे गोयाने सर्वांत कमी घालवला.

या चित्राच्या वाट्याला एक वेगळीच कीर्तीही आली, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६१ मध्ये एका अमेरिकन संग्राहकाने ते लिलावात १ लाख ४० हजार पौंडांना घेतले. चित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून तेवढीच रक्कम उभी करून ते नॅशनल गॅलरीसाठी ठेवून घेण्यात आले आणि २१ ऑगस्टला तिथूनच ते चोरीला गेले. पुढल्या वर्षी जेम्स बाँडचा पहिला चित्रपट आला. त्यात खलनायकाच्या महालात हेच चित्र दिसते. नेपथ्यकाराने केलेली ती प्रत होती! लंडनचे प्रेक्षक म्हणे तिला पाहूनच हसत. खरे चित्र १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्थानकावरील सामानघरात सापडले. केम्प्टन बंटन नावाचा निवृत्त माणूस स्वतः पोलिसांकडे गेला आणि त्याला शिक्षा झाली ती केवळ चौकटीच्या चोरीबद्दल, कारण चौकट परत मिळाली नाही. चोरी त्याच्या मुलाने केली असल्याची कागदपत्रे २०१२ मध्ये उघड झाली.

असो. मघाचा प्रश्न बाकी आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने ही प्रत घरी नेली. त्याच्या आजींचे माहेर शिंदेशाहीतल्या जुन्या शिलेदारांचे. त्यांनी चित्र कोणाचे ते विचारले आणि ऐकून म्हणाल्या, “बाळ, ज्यानं आपली माणसं तोफेच्या तोंडी दिली, त्याला तू महिनाभर न्याहाळत बसलास?” मुलगा चित्र घेऊन परत आला आणि ते माझ्याकडे ठेवून गेला.

आजींचे म्हणणे मला फेटाळावेसे वाटले नाही, आजही वाटत नाही. असईला शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि गोलंदाजांनी जी झुंज दिली, ती वेलस्ली स्वतः जन्मभर विसरला नाही. त्याच्या अंगाखालची दोन घोडी त्या दिवशी निकामी झाली. वॉटर्लू जिंकलेला हा माणूस उतारवयात आपल्या लढायांत असईलाच वरचे स्थान देत असे. त्या मैदानात पडलेल्या आपल्या गोलंदाजांचे चित्र कोणी रंगवले नाही. आपल्याकडे त्यांचे चेहरे नाहीत. ज्याने त्यांना हरवले त्याचा चेहरा मात्र चार-चार थोर चित्रकारांच्या हातचा आहे. ही बोच खरी आहे आणि प्रत करताना ती मनात असायलाच हवी.

पण त्या मुलाला मी एवढेच विचारले, “महिनाभर न्याहाळून तुला काय दिसले?” तो म्हणाला, “सर, तो घाबरलेला वाटतो.” मला स्वतःला त्या डोळ्यांत भीती दिसत नाही, थकवा दिसतो. परंतु शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात जे नाव त्याने पाठ केले होते, त्या नावाच्या मागे त्याला एक माणूस दिसला, आणि तो त्याचा त्याला दिसला. राग धरून त्याने ते ओठ रंगवले असते तर ते वाकडे झाले असते. भक्तीने रंगवले असते तर लॉरेन्ससारखे मिटले असते. कुंचला हातात असताना दोन्हींना बाजूला ठेवावे लागते, नाहीतर रंग जुळत नाही. हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या न आवडणाऱ्या माणसाचा चेहरा रंगवून पाहावा.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. प्रत मूळ आकाराची करू नये; थोडी लहान किंवा मोठी करावी. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात प्रत करणाऱ्यांवर असा नियमच आहे. आणि मागच्या बाजूला ‘गोयावरून’ असे लिहून स्वतःचे नाव व तारीख घालावी. एका माणसाच्या दोन प्रती सहसा कराव्या लागत नाहीत. पहिली झाली की ती भिंतीकडे तोंड करून ठेवावी आणि जिवंत माणूस समोर बसवावा.

त्या मुलाने बसवल्या त्या आजीच. त्यांनी अट घातली, नथ घालूनच बसेन. चित्र पूर्ण व्हायला अडीच महिने लागले, कारण आजी बसल्या बसल्या बोलत आणि मान हलवीत. चेहऱ्यातल्या सावल्या पातळ आहेत, गालाच्या हाडावर रंग जाड आहे, ओठ किंचित उघडे आहेत आणि त्यांत एक दात नाही. नथ अवघ्या पाच-सहा ठिपक्यांची आहे. जवळून पाहिले तर ती नथ वाटत नाही. आजींना हे पसंत पडले नाही. “मोती मोजून घाल,” असे त्यांनी सांगितले होते म्हणे. चित्र त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. जाणकारांनी ते सहा हात लांबून पाहावे.

आपल्या ग्रंथालयाच्या कलाविभागातील जाड पुस्तके कपाटात नुसती उभी आहेत. त्यांतील छापे घरी नेता येत नसले, तरी येथे वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलावर बसून पेन्सिलीने अभ्यास करू द्यावा, एवढी विनंती मी पदाधिकाऱ्यांना या निमित्ताने करतो. तैलरंगाचा वास वाचकांना सोसणार नाही हे मला कळते. रंग घरी लावता येतील.